गाडीचा आवाज आणि इंजिनाचें बळ

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांत शेतमालाच्या वाहतुकीचें स्वरूप एका पिढीच्या अवधींत पार पालटलें आहे. जी भाजी पूर्वीं बैलगाडींतून आठवड्याच्या बाजारास जात असे व जें दूध सायकलीच्या दोन्ही बाजूंस किटल्या अडकवून संघाच्या केंद्रावर पोंचत असे, तो सर्व माल आतां डिझेलवर चालणाऱ्या लहान मालगाडींतून जातो. हिला खेडोपाडीं 'पिकअप' म्हणतात व आम्हीही येथें तोच शब्द वापरतों. शिरोळ तालुक्यांतील भाजी याच गाडींतून फोंडा किंवा आंबोली घाट उतरून कोंकणांत व गोव्यांत जाते. संध्याकाळीं भरलेली गाडी पहाटेस वाशीच्या बाजारांत उभी राहते. आणि परत येतांना तिच्या हौद्यांत खताचीं पोतीं किंवा सरकी-पेंड असते. बैलजोडीची निगा जशी पूर्वींच्या शेतकऱ्यास ठाऊक असे, तशी या गाडीची निगा आजच्या शेतकऱ्यास ठाऊक असणें अगत्याचें आहे.

परंतु निगेच्या ऐवजीं एक निराळाच छंद तरुण मंडळींत बळावत चालला आहे. गाडी घरीं आली, हळद-कुंकू लावून नारळ फुटला, कीं पंधरवड्याच्या आंत ती एखाद्या गॅरेजांत नेऊन तिचा सायलेन्सर कापावयाचा व त्या जागीं सरळ नळी जोडावयाची, अगर सायलेन्सराच्या पोटांतील जाळ्या व पडदे ठोकून बाहेर काढावयाचे, असा हा छंद होय. उंसाच्या हंगामांत ट्रॅक्टरांचेंही असेंच केलेलें आढळतें. असें कां करतां, म्हणून विचारल्यास दोन उत्तरें मिळतात. एक, इंजिन मोकळेपणीं श्वास घेतें व घाटांत ओझें जोरानें ओढतें. दुसरें, टर्बोची शिट्टी दूरवर ऐकूं येते व गाडी रुबाबदार वाटते. दुसऱ्या उत्तराशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं. हौसेला मोल नसतें. पहिलें उत्तर मात्र यंत्रशास्त्राचें आहे, आणि तें तपासून पाहतां येतें.

इंजिनाचा आवाज होतो कसा, हें प्रथम पाहूं. डिझेल इंजिनांत ठिणगीची योजना नसते. सिलिंडरांत हवा दाबून इतकी तापवितात कीं, तींत तेलाचा फवारा सोडतांच तें आपोआप पेट घेतें. जर्मन यंत्रज्ञ रूडॉल्फ डिझेल यानें या तत्त्वावरील पहिलें यशस्वी इंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें चालवून दाखविलें. जळालेल्या वायूनें दट्ट्या खालीं ढकलला, त्याचें काम झालें व धुराची झडप उघडली, तरी त्या वायूंत बराच दाब शिल्लक असतो. तो एकदम बाहेर फेकला जातो व पुढील हवेवर आदळतो. बंदुकीच्या बाराचें आणि या आवाजाचें कारण एकच. पंचगंगेच्या किंवा दूधगंगेच्या कांठीं पाणी उपसणारें जुन्या धर्तीचें एका सिलिंडराचें इंजिन मिनिटास ६५० फेरे घेई; दर दोन फेऱ्यांस एक बार, म्हणजे सेकंदास सुमारें साडेपांच बार. म्हणूनच त्याचा 'फट् फट्' असा तुटक आवाज येई, आणि कोणाचें इंजिन चालूं आहे हें सवयीच्या कानास शिवारापलीकडून समजे. पिकअपच्या इंजिनास बहुधा चार सिलिंडर असतात. तें मिनिटास २,४०० फेरे घेत असतां सेकंदास ८० बार होतात. ते एकमेकांत मिसळून त्यांची एकसारखी घरघर बनते.

त्या जुन्या इंजिनांची धूरनळी विटांनीं बांधलेल्या खड्ड्यांत सोडण्याची युक्ति असे. खड्ड्यांत वायूस पसरावयास जागा मिळे, त्याचा जोर मोडे व वर येणारा आवाज मंद होई. गाडीचा सायलेन्सर म्हणजे तोच खड्डा, मात्र पत्र्याचा आणि चासीखालीं टांगलेला. त्याच्या पोटांत भोकें पाडलेल्या नळ्या, आडवे पडदे व लहान-मोठे कप्पे असतात. कांहींत कांचेची लोकरही भरतात. या कप्प्यांचीं मापें मनास येतील तशीं ठेवलेलीं नसतात. एका कप्प्यांतून परतलेली आवाजाची लाट दुसऱ्या लाटेवर उलट पडून दोन्ही विझाव्या, अशा बेतानें तीं ठरविलेलीं असतात.

आतां टर्बोकडे वळूं. धुरांतील जो जोर फुकट जातो त्यावर एक चक्र फिरवावें, आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोंकावरील चक्रानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरावी, ही कल्पना स्विस यंत्रज्ञ आल्फ्रेड ब्यूखी याची. तिचें पेटंट त्यानें १९०५ सालीं मिळविलें. जास्त हवा मिळाली कीं जास्त तेल पुरतेपणीं जळतें, व लहान इंजिनाकडून मोठें काम होतें. अडीच लिटरांचें पिकअपचें इंजिन भरलेला हौदा घेऊन घाट चढतें, तें याच्याच जिवावर. हें चक्र मुठींत मावेल एवढें असतें, पण गाडी भरांत असतां मिनिटास लाखावर फेरे घेतें. मिनिटास १,२०,००० फेरे धरले, तर सेकंदास २,००० झाले. शिट्टीसारखा जो बारीक व तीक्ष्ण सूर निघतो तो या वेगाचा. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. धूर टर्बोच्या चक्रांतून जातांना त्याच्या बारांचा जोर बराच मोडतो, म्हणजे टर्बो स्वतःच आवाज कांहींसा दाबतो. त्यामुळें सायलेन्सर काढलेल्या अशा गाडींतून जुन्या इंजिनासारखा खणखणीत बार निघत नाहीं. कर्कश शिट्टी व तिच्याखालीं डोकें उठविणारी घरघर एवढेंच पदरांत पडतें.

मग बळ वाढतें कीं नाहीं? खरें सांगावयाचें तर सायलेन्सर धुरास थोडा अडथळा करतोच, आणि तो काढला म्हणजे टर्बोचें चक्र किंचित् लवकर वेग घेतें. एवढा अंश खरा आहे, व त्यावरच ही सगळी समजूत उभी आहे. पण डिझेल इंजिनाचें बळ तें किती तेल जाळतें यावर ठरतें, आणि तेलाचें माप जुन्या गाडींत पंपानें व नव्या गाडींत संगणकानें बांधून दिलेलें असतें. धुराची वाट मोकळी केली म्हणून तें माप वाढत नाहीं. शिवाय कारखान्यानें इंजिन, टर्बो व सायलेन्सर यांची सांगड घालूनच गाडीचें बळ ठरविलेलें असतें; धुरास किती अडथळा होईल हेंही त्यांत धरलेलें असतें. तेव्हां फोंडा घाट दुसऱ्या गिअरांत चढणारी भरलेली गाडी सरळ नळी जोडल्यानें तिसऱ्यांत चढूं लागत नाहीं. चालकास मात्र ती जोरानें चढते असें वाटतें, कारण आवाज वाढला कीं जोर वाढला, अशी कानाची फसगत होते. कुरकुरणाऱ्या चाकामुळें बैलाचें ओढणें हलकें होत नाहीं, हें आपल्या आजोबांस ठाऊक होतें. कोणास शंका असेल तर त्यानें तेवढेंच ओझें, तोच घाट व तेंच घड्याळ घेऊन दोन्ही प्रकारें चढून पाहावें.

कांहीं जण यापुढें जाऊन पंपाचें माप किंवा संगणकांतील नोंद बदलून इंजिनांत जास्त तेल सोडतात. त्यानें बळ वाढतें, हें नाकारतां येत नाहीं. पण हवा पुरेशी नसली तर जादा तेल पुरतें जळत नाहीं व काळा धूर होऊन बाहेर पडतें. शिवाय धुराची उष्णता वाढून टर्बो, झडपा व दट्ट्ये यांवर ताण येतो, आणि क्लच व गिअर जेवढ्या ओढीसाठीं केले तीहून अधिक ओढ त्यांस सोसावी लागते. अमेरिकेंत या प्रकाराचें मोठें वेड आहे, व तेथील चित्रफितींतूनच तें इकडे आलें असावें. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेनें २०२० सालीं दिलेल्या अंदाजाप्रमाणें, त्यापूर्वींच्या सुमारें दहा वर्षांत साडेपांच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांवरील धूर शुद्ध करणारीं साधनें काढण्यांत आलीं होतीं. मुद्दाम काळा धूर सोडण्याविरुद्ध न्यू जर्सी राज्यानें २०१५ सालीं आणि कोलोरॅडोनें २०१७ सालीं कायदे केले. तिकडील अशी गाडी पुष्कळदां हौसेची असते. आपली गाडी कर्जाची व पोटाची आहे.

नव्या गाडीच्या बाबतींत तर हा खेळ फारच महाग पडतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत नव्या गाड्यांस भारत-सहा हें मानक लागू झालें, आणि त्यामुळें डिझेल पिकअपच्या धूरनळींत काजळीची गाळणी आली. बाहेरून पाहणाऱ्यास ती सायलेन्सराचाच भाग वाटते, व कापणारा तीही कापून मोकळा होतो. पण तिच्यापुढील व मागील दाब आणि उष्णता मोजणारीं साधनें संगणकास जोडलेलीं असतात. गाळणी गेली कीं तीं मापें जुळत नाहींत. समोर तांबडा-पिवळा दिवा लागतो व संगणक इंजिनाचें बळ आपण होऊन खालीं आणतो. पुढें तो दिवा फसविण्यासाठीं पुन्हां निराळा खर्च. गाळणी वारंवार तुंबते, ही तक्रार मात्र खरी आहे व तिचा उपायही सोपा आहे. गोठ्यापासून दूध-केंद्रापर्यंत दोन किलोमीटर व परत, एवढेंच रोज चालणाऱ्या गाडीची नळी पुरती तापत नाहीं, व सांठलेली काजळी जळून जात नाहीं. अशी गाडी आठवड्यांतून एकदां कागल-निपाणी रस्त्यासारख्या मोकळ्या हमरस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटें एकसारख्या वेगानें चालवावी. गाळणीचा दिवा लागलाच असेल तर गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेली क्रिया पुरी होईपर्यंत इंजिन बंद करूं नये.

आमच्या मतें सायलेन्सर कापण्याचा सर्वांत मोठा तोटा याहून निराळा आहे, आणि त्याची वाच्यता क्वचितच होते. इंजिनाचा आवाज ही त्याची नाडी आहे. उद्यमनगरांतील कसलेला मिस्त्री गाडीचें बॉनेट उघडण्यापूर्वीं क्षणभर नुसता उभा राहून ऐकतो, तें उगीच नव्हे. ही नाडी ओळखावयास मालकासही शिकतां येतें, परंतु मोकळ्या नळीच्या गोंगाटांत ती सांपडत नाहीं.

टर्बोची शिट्टी ही त्यांतील पहिली खूण. प्रत्येक गाडीची शिट्टी ठराविक असते व चालकाच्या कानास ती पक्की माहीत असते. ती एकाएकीं वाढली व भोंग्यासारखी होऊं लागली, तर दांड्याचें बेअरिंग झिजून चक्र घराच्या भिंतीस घासूं लागलें असण्याचा संभव असतो. अशी गाडी तशीच दामटल्यास चक्राचे तुकडे होऊन इंजिनांत जाण्याची भीति आहे. शिट्टीऐवजीं 'फुस्स' असा वारा सुटल्याचा आवाज, त्याबरोबर बळ कमी व धूर काळा, असें झालें तर टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणारी रबरी नळी फाटली आहे किंवा तिची पट्टी सैल झाली आहे असें समजावें. हा दोष थोडक्या खर्चांत सुटतो. पण तो न ओळखतां टर्बोच बदलून घेतलेले लोक आम्हांस माहीत आहेत. सकाळीं थंड इंजिन चालूं करतांना 'टक् टक्' असा बारीक आवाज यावा आणि इंजिन तापल्यावर तो थांबावा, याचा अर्थ धुराच्या नळ्यांच्या जोडावरील गॅस्केट गेलें आहे. तापल्यावर धातु फुगून फट बुजते म्हणून आवाज थांबतो. गाडीखालून पत्र्याची खडखड येत असेल तर सायलेन्सराच्या पोटांतील एखादा पडदा गंजून सुटलेला असतो. ठराविक वेगास केबिनमध्यें घुमल्यासारखा नाद येतो व वेग बदलतां जातो, तेव्हां नळी टांगणारे रबर कुजून ती चासीस टेंकत असते. आणि निळसर धूर दिसला तर तेलाची पातळी तत्काळ पाहावी. टर्बोच्या सीलमधून तेल गळत असेल.

टर्बो मुळांत बिघडूं नये म्हणून करावयाचें काम थोडें आहे. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली फिरवूं नये. मिनिट-दोन मिनिटें इंजिन मंद चालूं द्यावें. तसें न केल्यास तापलेल्या दांड्यापाशीं तेल थांबून राहतें व त्याचा कोळसा होतो. थंड इंजिन चालूं करतांच एकदम वेग देऊं नये, कारण तेल टर्बोपर्यंत पोंचावयास कांहीं क्षण लागतात. तेल व तेलाची गाळणी मुदतींत बदलावी. ऊंस-वाहतुकीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यांवर धुरळा अतोनात असतो. अशा वेळीं हवेची गाळणी नेहमींपेक्षां लवकर पाहावी व फाटलेली असेल तर एक दिवसही वापरूं नये. धुळीचा कण लाखावर फेरे घेणाऱ्या पात्यांस कानशीसारखा घासतो.

आवाजाचा त्रास गाडीवाल्यापुरता राहत नाहीं. डेसिबल हें आवाजाचें माप साध्या बेरजेनें चालत नाहीं. आंकडा १० नें वाढला कीं आवाजाची शक्ति दसपट होते. ८५ डेसिबलांत दिवसाकाठीं आठ तासांहून अधिक राहूं नये व पुढें दर ३ डेसिबलांमागें ही मुदत निम्मी धरावी, असा अमेरिकेंतील व्यवसाय-आरोग्य संस्थेचा दंडक आहे. म्हणजे ९१ डेसिबलांत दोनच तास. वाशीस जाणारा चालक रात्रभर त्या नळीच्या सोबतीनें बसतो. कानाची गेलेली शक्ति परत येत नाहीं, शिवाय मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा त्यास ऐकूं येत नाहीं तो निराळाच.

जनावरांचें तर विचारूं नये. दुधाची गाडी गल्लींतून जाते ती पुष्कळदां धारेच्याच वेळीं. धार काढतांना गाय-म्हैस दचकली कीं तिच्या रक्तांत ॲड्रेनॅलिन नांवाचा स्राव उतरतो, व पान्हा सोडविणाऱ्या ऑक्सिटोसिन या स्रावाचें काम अडतें. जनावर पान्हा चोरतें असें आपण म्हणतों, तें हेंच. दुधासाठीं घेतलेली गाडीच दूध तोडूं लागली तर कोणास सांगावें? उंसाच्या बैलगाड्या अजूनही आपल्या रस्त्यांवर पुष्कळ आहेत. अंधारांत शेजारून एकाएकीं गर्जना झाली कीं बैल जूं झटकतो, आणि दोन-तीन टनांची भरलेली गाडी कोणीकडे जाईल याचा नेम नसतो.

कायद्याचें म्हणणें थोडक्यांत देतों. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२० व्या नियमान्वयें प्रत्येक मोटार वाहनास आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असला पाहिजे, आणि त्यांत शेतीच्या ट्रॅक्टराचा नांवानिशीं उल्लेख आहे. 'आमची गाडी शेतीची' ही सबब चालत नाहीं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चें कलम ५२ कारखान्याच्या नमुन्याविरुद्ध फेरफार करण्यास मनाई करतें. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि आवाज व धूर यांच्या मर्यादा मोडून गाडी चालविल्याबद्दल पहिल्या अपराधास तीन महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवाना धारण करण्यास अपात्रता, अशा शिक्षा ठरविण्यांत आल्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली असून, रुग्णालयें, शाळा व न्यायालयें यांच्या भोंवतालचे १०० मीटरपर्यंतचे भाग शांतता-क्षेत्र म्हणून ठरवितां येतात. कोल्हापुरांत लक्ष्मीपुरीकडे माल नेणाऱ्यांनीं वाटेवर सी. पी. आर. रुग्णालय आहे हें लक्षांत ठेवावें. राज्यांतील कित्येक शहरांत पोलिसांनीं जप्त केलेले सायलेन्सर रोड-रोलराखालीं चिरडले, त्यांचीं छायाचित्रें सर्वांनीं पाहिलेलीं आहेत. गाडीची हमी मुदतींत असेल तर अशा फेरफारानें ती जाण्याचा संभव असतो, आणि अपघातानंतर विमा कंपनीनें हरकत घेतल्यास तिच्याशीं भांडत बसावें लागतें.

ज्यांस उलट गाडीचा आवाज कमी व्हावा असें वाटतें, त्यांच्यासाठीं मार्ग साधा आहे. इंजिन थंड असतां चालूं करून, हातमोजा घालून धूरनळीच्या टोंकाशीं जाड फडकें क्षणभर दाबून धरावें, व दुसऱ्यानें नळीच्या जोडांपाशीं कान द्यावा. जेथून 'स्स' असा आवाज येईल तेथें गळती आहे. नळी टांगणारीं रबरें सर्व एकदम बदलावीं. केबिनच्या फरशीवर जाड रबरी चटई घालावी, दारांचें बीडिंग नवें बसवावें, व इंजिनाकडील पत्र्यांतून वायरी आंत येतात त्या भोकांचे बुश तपासावे. केबिनमधील बराचसा आवाज अशा फटींतूनच येतो.

आणि ज्यांनीं सायलेन्सर आधींच कापला आहे त्यांनीं गळीत हंगामापूर्वीं, काम कमी असतां, तो बसवून घ्यावा. आपल्याच गाडीच्या नमुन्याचा व सालाचा सायलेन्सर घ्यावा. दुसऱ्या गाडीचा कापून-सांधून बसवूं नये, त्याचें माप जुळत नाहीं. भारत-सहाच्या गाडीची गाळणीही कापली गेली असेल तर सायलेन्सर बसवूनच भागणार नाहीं, गाळणी व तिचीं मापनसाधनें आधीं पुरीं करावीं लागतील. वेल्डिंग करण्यापूर्वीं बॅटरीच्या तारा सोडून ठेवाव्या, नाहीं तर संगणकास धक्का बसतो. जोडावर नवें गॅस्केट घालावें, आणि शंभर-दोनशें किलोमीटर गाडी चालल्यानंतर, इंजिन थंड असतां, सर्व नट एकदां पुन्हां आवळावे. तापून थंड झाल्यावर ते थोडे सैल पडतात.